इंजिनावरचं कुंकू

गेली दोन वर्षं धक्क्यावरची माणसं माझ्या होडीच्या इंजिनासमोर नारळ फोडतात. मी खोबरं खायचो आणि गप्प बसायचो. आता वय झालं. खरं काय घडलं ते सांगितल्याशिवाय कमळाभवानी आईसमोर हात जोडवेनात.

पत्नी गेल्यावर सोलापूरचं घर मुलाच्या हवाली करून मी उजनीच्या पाण्यावर, करमाळ्याच्या बाजूला, शिडाच्या होडीतच राहायला आलो. वारा असला की शीड, नसला की डिझेल इंजिन. पैलतीरावरच्या माणसांना इकडे आणून सोडायचं. त्या वर्षी दसऱ्यानंतर इंजिनाने छळ मांडला. निम्म्या पाण्यात गेलं की धाप लागल्यासारखं करायचं आणि बंद पडायचं. रहिमान मिस्त्री माझ्या मुलाच्या वयाचा, पण रोज चहाला होडीवर येणारा दोस्त. त्याने पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. त्याच्यासमोर ते शहाण्यासारखं चालायचं. "चाचा, तुमच्यावरच रुसलंय ते," तो हसायचा. मला राग आला. चारचौघांत मी बोलून गेलो, "रहिमानच्या हातात आता काही राहिलं न्हाय." बाकीच्या होडीवाल्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं, आणि त्याने माझ्याकडे येणं.

मनात भीतीही होती, की आईच्या सेवेत माझं काही चुकलं तर नाही? म्हणून मी पूजा वाढवली. खंडेनवमीला टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं, त्यावरच रोज नवा थर देत गेलो.

एका सकाळी पैलतीरावरून एक वयस्कर बाई होडीत बसल्या. अक्कलकोटकडच्या, कानडी हेलाच्या, लेकीकडे आलेल्या, कमळाभवानीची ओटी भरायला निघालेल्या. निम्म्या पाण्यात इंजिन थांबलं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. हवा काढावी म्हणून फिल्टरचा नट सैल केला, तर डिझेलचा थेंब येईना. टाकी तर भरलेली. मी हात टेकले. मनात म्हणालो, आई, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात बाई पिशवी उपसत ओरडल्या, "अय्यो अज्जा, कुंकवाचा करंडा घरीच ऱ्हायला की!"

"माझं इंजिन बंद पडलंय, आणि तुम्हाला कुंकवाचं पडलंय?"

"इंजिन तुमचं, ओटी माझी. हितं लई हाय की, पुजलेलंच हाय न्हवं? घेते थोडं."

मी हो म्हणायच्या आत त्यांनी केसांतला आकडा काढून झाकणावरचं कुंकू खरवडलं. फुस्स असा बारीक आवाज झाला आणि सैल नटातून डिझेल वाहू लागलं. मी नट आवळला, हँडल मारलं. इंजिन धडधडू लागलं!

त्याच क्षणी मला सगळं उमगलं. टाकीत हवा जायला झाकणात बारीक भोक असतं. माझ्या कुंकवाने ते बुजलं होतं, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं. रहिमान काम करताना झाकण काढून ठेवायचा, म्हणून त्याच्यासमोर इंजिन चालायचं. पूजेच्या कुंकवाला मात्र तो आदराने हात लावत नसे.

धक्क्याला लागताच बाईंनी गर्दीला सांगितलं, "देवीचं कुंकू घेतलं आन् इंजिन चालू झालं!" मी नुसते हात जोडले. खरं सांगितलं असतं तर रहिमानबद्दलचा शब्द गिळावा लागला असता. पुढे भोक गुपचूप साफ ठेवत राहिलो.

शेवटी गेल्या महिन्यात तो शब्द गिळला. सगळ्यांसमोर, झाकण हातात धरून. रहिमानने झाकण घेऊन त्या भोकातून आरपार पाहिलं.

"म्हणजे भोक तुमी बुजवलं, आन् नाव माझं बुडालं?"

"व्हय बाबा."

"मग आता चहात साखर तरी नीट घाला. पयल्यापासनं कंजूस!"

धक्का हसला, आणि तो होडीवर चढला.

बाईंचा करंडा नेमका त्याच दिवशी घरी का राहिला, ते मला ठाऊक नाही. मी 'तूच बघ' म्हणालो, आणि आईने माझीच भक्ती जराशी खरवडली, एवढं खरं. भीतीने मी थरावर थर चढवत होतो. हात टेकले तेव्हा कुठे तिला आत यायला वाट मिळाली. आता कुंकू इंजिनाच्या चाकाला लावतो, भोक मोकळं ठेवतो. माणसं ऐकतात, हसतात आणि तरीही नारळ फोडतात. अर्धं खोबरं रहिमानच्या घरी जातं.