डॉक्टरची चौकशी

आबांच्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा जळगावचा सर्जन म्हणाला, अंगठा काढावा लागेल, उशीर केलात तर पाऊल जाईल. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या गावात राहतात, साखर जुनी. कापायचं नाव काढलं की त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "हाऊ डॉक्टर कोन शे?"

प्रश्न रास्त होता. दारावरच्या पाटीत नावापेक्षा पदव्या लांब होत्या. मी मोबाइलवर शोधलं. डॉक्टरची नोंदणी कोणालाही तपासता येते हे कळलं, पण त्याच नावाचे बरेच डॉक्टर निघाले, त्यातला हा कोणता ते कळायला नोंदणी क्रमांक हवा होता. तो रिसेप्शनवर मागितला, तर तिथल्या मुलीनं मी बिलात सूट मागितल्यासारखं पाहिलं. मग मी मामांना फोन करून म्हटलं, या डॉक्टरची जरा चौकशी करा, पहूरचा आहे म्हणे.

आमच्याकडे चौकशी एकाच कामासाठी करतात. मामा इस्त्रीचा सदरा घालून थेट डॉक्टरच्या घरी गेले. शेती किती, भाऊ किती, पाहुणे कुठले, घरात कोणी पितं का, सगळं विचारून, चिवडा खाऊन आले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "घर चांगलं शे. बठ्ठा लोके नाव काढतस."

"आणि डिग्री?"

"ते कसं ईचारनं? बरं दिसत नही."

दुसऱ्या दिवशी पायाचं ड्रेसिंग करता करता डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "काल घरी कोणी येऊन गेलं. आई विचारतेय, मुलगी काय करते?"

"मुलगी नाही," मी म्हटलं. "पाय आहे."

तो हसला नाही. कागदाच्या चिटोऱ्यावर नोंदणी क्रमांक लिहून त्यानं माझ्या हातात दिला. मी त्याच्यासमोरच तपासला. नाव, पदवी, सगळं जुळलं. मला लाजही वाटली आणि हायसंही वाटलं.

आबा मात्र हलेनात. "आपला डॉक्टरले बलावा. तो म्हनी तं करसूत."

आपला म्हणजे गावातला. मी लहान असल्यापासून आबा त्याचीच इंजेक्शनं घेत आलेत. त्याचं घराणं आम्हाला तोंडपाठ, त्यामुळे त्याची चौकशी कोणी कधी केलीच नव्हती. बसल्या बसल्या मी त्याचंही नाव शोधलं. सापडलं नाही. आयुर्वेदाच्या यादीत पाहिलं, होमिओपॅथीच्या पाहिलं. कुठेच नाही. याच अंगठ्यावर हा माणूस पावसाळाभर पावडर टाकत होता. मला संताप आला.

तो एसटीनं आला. आबांसाठी शहाळं घेऊन आला होता. त्याला सगळ्यांसमोर विचारायचं मी ठरवलंच होतं. आबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "करू का?"

त्यानं पट्टी सोडायला लावली. बराच वेळ पाय पाहिला.

"करी टाका, आबा," तो म्हणाला. "माले यामातलं काही समजत नही. पहिलेबी समजे नही."

मी फोन बाजूला ठेवला. आबांनी माझ्याकडे पेन मागितला आणि ऑपरेशनच्या संमतीवर सही केली. सही होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या हातानं त्याचा हात धरून ठेवला होता.