मंगेशचं कॉन्सन्ट्रेट, माझं आयसोलेट

जिममध्ये दंडापेक्षा किस्से लवकर वाढतात! वर्ध्याच्या आमच्या जिममध्ये रोज एक नवीन घडतो, आणि माझ्या नशिबानं प्रत्येकात मंगेश असतो. आम्ही दोघांनी सोबतच जिम लावली. त्याचे दंड फुगले, माझे जागच्या जागी. त्यात जिमचे सर म्हणाले, दारावरच्या बोर्डावर एका पोराचा फोटो लावायचा आहे. तो माझा लागावा, एवढंच मला हवं होतं.

*

मंगेश व्हे कॉन्सन्ट्रेट प्यायचा, दुधातल्या प्रोटीनची पावडर, स्वस्तातली. मीही तेच आणलं. स्क्वॉटला बसलो आणि पोटातून असा गुडगुडाट झाला, की कोणीतरी गाणं बंद केलं!

सरांनी विचारलं, "अभिजित, तुले दूध पचते का?"

"नाई."

"मंग हे काऊन पेऊन राह्यला बे? कॉन्सन्ट्रेटमधी दुधाची साखर राह्यते. आयसोलेट घे, त्यात नावालेच असते."

मंगेश मात्र तेच पिऊन वरून समोसे हाणत होता. जळलो मी.

*

महागाचं आयसोलेट आणलं, चॉकलेटचं. नेमका मंगेश घरी आला. आईनं माझ्याच डब्यातला शेक त्याला करून दिला! वर मला म्हणते, "तूबी पेत जा ना बापा. पाह्य त्याचे दंड!"

*

मग वाचलं, हायड्रोलायझेट सगळ्यात भारी. प्रोटीन आधीच तोडलेलं, लवकर पचतं. पहिल्याच घोटाला तोंड कडू झालं. तरी मंगेशसमोर "वा!" म्हणत प्यालो.

"भाऊ, एक घोट दे ना!"

दिला. चांगला मोठा दिला.

*

शेवटी सरांना विचारलंच, "सर, तिन्ही करून पाह्यले. मंगेशच्याच अंगी काऊन लागते?"

"तो जेवते बे! तू डबे वाचते."

*

बोर्ड लागला. फोटो मंगेशचा! मी समोर उभा राहून बघत होतो, छातीत नुसती आग. शेजारी भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू थांबल्या.

"माहा पोरगा हाय," त्या म्हणाल्या. "तू याच जिममधला का रे?"

"हो."

"मंग सांग बापा, हा अभिजित कोन हाय? घरी नुसतं त्याचंच! त्याचं पोट आत हाय, माहं काऊन नाई? तो भारीचा डबा पेते, मले काऊन नाई? जेवताना बी जळते पोट्टा त्याच्यावर. तू ओळखते का त्याले?"

मी एकदा फोटोकडे पाहिलं.

"नाई काकू. नवीन असन कोनी!"