मागच्या अंगणाचं नागरिकत्व

क्वेकर्स हिलला मुलाकडे राहत असताना मी एकाच वेळी दोन देशांत पाहुणी होते. एक ऑस्ट्रेलिया. दुसरा देश त्याच्या घरामागच्या अंगणात होता आणि तो जास्त कडक होता.

तो माझ्या नातीने काढला. ती पाचवीत, वय दहा. शाळेतल्या बाईंनी वर्गाला सांगितलं होतं की तीनशे वर्षांनंतरचा एक देश बनवा आणि त्याचे कायदे लिहा. बाकीच्या मुलांनी निवडणुका घेतल्या म्हणे. हिने सरळ राणी बसवली, ती स्वतःच, आणि गादी रक्ताने पुढे जाणार असं पहिल्याच ओळीत लिहिलं. मी विचारलं, निवडणूक का नको? तर म्हणाली, हरले तर? मला पटलं.

देशाची हद्द गॅरेजपासून लिंबाच्या झाडापर्यंत. कपडे वाळत घालायची लोखंडी फिरती छत्री नेमकी मध्ये, त्यामुळे मला धुणं घेऊन जायला व्हिसा लागायचा. तो तिने पुठ्ठ्यावर लिहून दिला होता: धुण्यापुरता प्रवेश, चिमटे मोजून परत. तिचा बाप जन्माने नागरिक. सून लग्नामुळे रहिवासी, तीही तात्पुरती, कारण अभ्यासावरून आवाज चढवते. मी नुसती पाहुणी. आणि सातवा नियम असा, की जो कोणी दहा दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहील त्याचा राहायचा हक्क कायमचा जाईल.

सातवा नियम कोणासाठी होता ते मला कळत होतं. माझा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता. मला कायमचं ठेवून घ्यायचा अर्ज मुलाने भरून आणला होता, फक्त माझी सही हवी होती. कागद पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर पडून. मुलगा रोज विचारायचा, मी रोज सांगायचे की चष्मा वर राहिलाय. मला सही करायचीच नव्हती. वसईला माझं घर आहे, विहीर आहे, भांडायला शेजारीण आहे. इथले शेजारी लांबून हात हलवतात आणि आत जातात. गावात मी फटकळ म्हणून ओळखली जाते, पण हे मुलाच्या तोंडावर बोलायला माझी जीभ उचलत नव्हती. नातीसमोर तर मुळीच नाही. सही झाली की आजी राहणार, एवढंच तिला माहीत होतं.

आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की धाकट्यांनी वयाच्या क्रमाने थोरांचा आशीर्वाद घ्यायचा असतो. क्वेकर्स हिललाही तो नेम चालू होता. एका संध्याकाळी नात जागची हललीच नाही. राणी पाहुण्यांकडे आशीर्वाद मागत नाही, म्हणाली. सून रागे भरायला लागली, तिला मी थांबवलं.

"तू राणी कशाने झालीस?"

"रक्ताने."

"कुणाच्या?"

"पप्पाच्या."

"आणि पप्पात ते कुठून आलं?"

तिने बापाकडे पाहिलं. तो हसू दाबत होता. "मग राणी आजी आहे," तो म्हणाला. "तिच्यानंतर मी. तुझा नंबर तिसरा."

रक्तावर राज्य उभं करताना, जुनं रक्त घरातच जिवंत बसलंय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती आशीर्वाद न घेताच वही घेऊन खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लसूण सोलत होते तेव्हा ती एक कागद घेऊन आली. इंग्रजीत होता, तिने मराठीत सांगितला: मी माझ्या मर्जीने गादी सोडते आहे. खाली सहीसाठी रेघ.

मी म्हटलं, सोडते, मला त्या गादीवर बसून काय करायचंय. पण जाता जाता राणी एक कायदा करणार. सातवा नियम रद्द. बाहेर कितीही दिवस राहिलं तरी कोणाचा हक्क जात नाही.

तिने कागद मागे ओढला. मग म्हणाली, "म्हणजे तू पप्पाच्या फॉर्मवर साइन करणार नाहीस."

"नाही करणार."

"यू डोन्ट लाइक इट हिअर?"

"तू आवडतेस. इथे कायमचं राहणं आवडत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"दॅट्स नॉट फेअर, आजी."

"नसेल."

मुलगा त्या दिवशी लवकर आला होता आणि बूट हातात घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. टेबलावरचा अर्ज उचलून घडी घातली आणि एवढंच विचारलं की पंधरा दिवस फुकट का घालवलेस. मी म्हटलं, तुमची तोंडं कशी होतील म्हणून. आता पाहिली. तो म्हणाला, निदान येत तरी जाशील ना? म्हटलं, गुडघे चालतात आणि व्हिसा देतात तोवर येईन.

नात तिचा कागद घेऊन निघून गेली. दोन दिवस देशाच्या सीमा बंद होत्या. माझे कपडे खुर्च्यांवर वाळले.

तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. राणीचा कायदा मान्य आहे, पण दुरुस्तीसह. बाहेर राहणाऱ्याने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हजेरी द्यायची. पाच मिनिटांत फोन ठेवायचा नाही. "इथे सगळं मजेत" असं म्हणायचं नाही, काय झालं ते सांगायचं. हजेरी चुकली तर लेखी कारण.

मी म्हटलं, ऑस्ट्रेलियाचं सरकार बरं यापेक्षा. तिने वहीतून तो गादी सोडल्याचा कागद काढला आणि पेन पुढे केलं. मी चौथी शिकलेली, माझं अक्षर मोठं येतं, सही रेघेबाहेर गेली. तिने दुसरा कागद आणला आणि परत करायला लावली. केली.

आता वसईत येऊन चार महिने झाले. हजेरी एकदाच चुकली. वीज गेली होती, फोन बंद पडला होता, माझा काही दोष नव्हता. पुढच्या रविवारी तिला सांगितलं, तर तिने ऐकूनच घेतलं नाही. लेखी पाठव, म्हणाली. ते काल टपालात टाकलं.