दिव्यासमोरची खुर्ची

औषधांच्या कारखान्यातल्या तपासणी विभागात पहिल्या दिव्यासमोरची खुर्ची थोरलीची होती. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या तिच्या हाताखालून पुढे जात. बाटली उचलायची, हलकेच गोल फिरवायची, आधी पांढऱ्या फळीपुढे धरायची, मग काळ्या. पांढऱ्यापुढे काळा कण दिसतो, काळ्यापुढे पांढरा तंतू. दिसला की बाटली लाल ट्रेमध्ये. थोरलीच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि हे दुसऱ्या कोणी सांगण्याची वाट ती पाहत नसे.

दुसऱ्या दिव्यासमोर तिची धाकटी जाऊ बसे. थोरलीनेच शब्द टाकून तिला कामाला लावले होते. धाकटीचे दूध उतू जाई, किल्ली कुलपालाच लटकत राही, आणि तरी घरात कौतुक तिचेच. थोरलीला ते सलत असे. निदान दिव्याखाली तरी आपण वरचढ, एवढ्यावर ती भागवत होती.

मग थोरलीचे डोके सारखे दुखू लागले. कारखान्याच्या डॉक्टरांनी तिचा रक्तदाब पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. गोळ्या चालू होत्याच. ते म्हणाले, अशी डोकेदुखी घेऊन त्या उजेडापुढे बसणे बरे नाही. पुढच्या तपासणीपर्यंत दाब उतरला नाही तर गोदामात बदली करावी लागेल. मनाचा ताण कमी करा, जेवणाच्या सुटीत कँटीनच्या मागच्या खोलीत ध्यानाचा वर्ग असतो, तिथे जा. गोदाम म्हटल्यावर पुढचे थोरलीला अर्धवटच ऐकू आले. ती उठली की त्या खुर्चीवर कोण बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वर्गाला एकटीने कसे जायचे, म्हणून तिने सोबतीला नेमके धाकटीलाच नेले. तिथेच ती फसली.

वर्गातल्या बाई मोजके बोलत. डोळे मिटा, श्वास येतो-जातो तो पाहा, विचार आला तर तोही पाहा आणि पुन्हा श्वासाकडे या, एवढेच. पहिल्या दिवशी शेवटी त्यांनी धाकटीला अनुभव विचारला. ती म्हणाली, संध्याकाळच्या भाजीचा विचार आला, गेला, मग नळ ठिबकत होता तो ऐकला. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगदी असंच." थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गळका नळ ऐकल्याबद्दल शाबासकी मिळते हे तिने आयुष्यात प्रथमच पाहिले.

तेव्हापासून ती इरेला पेटली. सगळे उठायच्या आत बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागली. नवऱ्याने विचारले, "ध्यान करतेस की दात आवळून बसतेस?" सासूबाई म्हणाल्या, धाकटी हल्ली किती शांत झाली आहे, आणि थोरलीकडे एकवार बघून गप्प झाल्या. ते गप्प होणे तिला जास्त लागले. वर्गात ती एक डोळा किलकिला करून धाकटीला न्याहाळू लागली. हिच्याकडे नक्की काहीतरी युक्ती आहे आणि ही ती लपवते आहे, याची तिला खात्रीच पटली. मध्येच एकदा नर्सने दाब मोजला, तर तो आणखी चढलेला.

त्या संध्याकाळी घरी परतताना तिने फूटपाथवरच धाकटीला अडवले.

"खरं सांग, डोळे मिटून तू करतेस काय?"

"काही नाही, ताई. तुम्ही काय करता?"

थोरलीने अभिमानाने सांगितले. विचार आला की चटकन पकडायचा आणि बाजूला काढायचा. एकही सुटू द्यायचा नाही.

धाकटीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमले नाही. "म्हणजे तिथेही तुमचा लाल ट्रे आहेच. अहो, बाईंनी फक्त बघायला सांगितलंय, काढायला कुठे सांगितलंय?" मग तिने सहज विचारले, "जास्त काय सापडतं?"

थोरली रस्त्याकडे बघत म्हणाली, "तू."

धाकटीचे हसू मावळले. ती म्हणाली, "मला काढू नका, ताई. राहू द्या तिथेच. माझ्या मनात तर लग्न होऊन आल्यापासून तुम्ही बसलाय. घरात सगळ्यांना सगळं तुम्हालाच विचारायचं असतं."

हे ऐकून थोरलीला वाईट वाटायला हवे होते. तिला बरे वाटले, अगदी मनापासून बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिने डोळे मिटले आणि धाकटी हजर झाली, तीही पहिल्या दिव्यासमोर ऐटीत बसलेली. थोरलीने तिला हाकलले नाही. छातीत जळजळ होऊ लागली, मानेपर्यंत चढली, बराच वेळ राहिली. बाईंनी विचारल्यावर तिने सरळ सांगून टाकले, जळफळाट होतो आहे. खोलीत कोणीतरी खोकले. बाई म्हणाल्या, तोच पाहा. मग तिने रोज तोच पाहिला. कधी तो कमी असे, कधी नको तितका.

तपासणीच्या दिवशी दोघी बरोबरच गेल्या. डॉक्टरांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. दाब पुरता उतरला नव्हता, पण उतरला होता. तूर्त दिव्यापुढेच बसा, ते म्हणाले.

थोरलीने वळून पाहिले. धाकटीचा चेहरा पडला होता. पुढच्या क्षणी तिने तो सावरला आणि छान झाले म्हणाली.

बाहेर आल्यावर थोरलीने विचारले, "खुर्ची हवी होती ना तुला?"

"हवी होती," धाकटी म्हणाली. "अजूनही हवी आहे."

थोरलीला राग आला. पण सगळ्या घरात इतके खरे तिच्याशी कधी कोणी बोलले नव्हते.

"मग डोळे जप," ती म्हणाली. "मला उठायची घाई नाही."