'कुठं' असं विचारू नये

आमच्या कोल्हापुरात घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं?' असं विचारत नाहीत. अपशकुन मानतात. चुकून कोणी विचारलंच, तर माणूस घरात परत येतो, घोटभर पाणी पितो, थोडं बसतो आणि मग निघतो. कॉलेजात शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मी समजत होतो.

आम्ही दोघं इंग्लंडमध्ये मुलीकडे राहायला गेलो आणि काही महिन्यांतच पत्नीला दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगी दिवसभर कामावर. दुपारी भेटीच्या वेळेला मी एकट्यानेच बसने जायचं ठरलं. पहिल्याच दिवशी बसमध्ये पाय ठेवला आणि ड्रायव्हरने, तिथल्या रीतीप्रमाणे, कुठे जायचं ते विचारलं. मी तसाच खाली उतरलो. थांब्यावरच्या बाकावर बसलो, बाटलीतलं पाणी प्यालो आणि पुढच्या बसची वाट पाहिली. तिचा ड्रायव्हरही तेच विचारणार, हे लक्षातच आलं नव्हतं. शेवटी नाइलाजाने उत्तर देऊन बसलो. पोहोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती.

पत्नी बिद्रीकडची, परदेशातही गावच्याच बोलीत बोलायची. उशिराचं कारण ऐकून ती ठसका लागेपर्यंत हसली.

"अवं, त्येला तिकीट द्यायचं हाय, त्यो इचारणारच की! एवढी पुस्तकं वाचलीसा आन एका 'कुठं'ला भ्यालासा व्हय?"

"तुझ्याकडे निघालो होतो," मी म्हणालो. "म्हणून."

हसू आवरून ती म्हणाली, "त्येनं तोंड उघडायच्या आत तुमीच सांगून टाका."

मी थांब्यांची नावं पाठ केली. पुढे तीच मला इकडेतिकडे धाडू लागली. "रोज हितं बसून माझं त्वांड काय बघताय? बाजार बघून या, नदी हाय म्हणत्यात, ती बघून या. मला येऊन सांगा." तिच्याजवळचा वेळ असा खर्चणं मला नको वाटे, पण तिचं ऐकायची सवय जुनी. चुकलो, उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो, पाय दुखेपर्यंत चाललो. बाजारात मेथी मिळाली म्हणून सांगितलं, तर म्हणाली,

"घासाघीस केलीसा का?"

"इथे करत नाहीत."

"मग बाजारात गेलासा कशाला!"

एकदा वॉर्डाच्या दारात तिचं बोलणं कानावर पडलं. ती मुलीला हळू आवाजात सांगत होती, "ह्यास्नी आता एकट्यानं फिराय येतंय. मला काळजी न्हाय." मी तिथूनच मागे फिरलो आणि बराच वेळ आत गेलो नाही.

दवाखान्यातून फोन आला त्या सकाळी मुलगी गाडी चालवत होती. डोळे पुसताना तिचं वळण चुकलं. मी शेजारी बसून सांगत राहिलो, इथून डावीकडे, चर्चपाशी उजवीकडे, आता सरळ. रस्ता मला पूर्ण येत होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. ती गेली होती. मुलगी आत गेली आणि पडदा तिच्यामागे पुन्हा मिटला. मी हात पुढे केला, पण पडदा कुठल्या बाजूने उघडतो ते मला कळेना.