घुमटात खुपसलेला झेंडा

दिवाळीत जर्मनीतलं आमचं डार्मश्टाटचं मराठी मंडळ मुलांसाठी किल्ला स्पर्धा ठेवतं. इथे ना अंगण, ना लाल माती. म्हणून मुलं घरीच फळीवर दुकानातल्या मातीचा किल्ला करतात आणि आम्ही तो गाडीतून जिवापाड जपत हॉलवर नेतो. यंदा विषय होता 'ऐतिहासिक वास्तू'. किल्लाच हवा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण नंतर मलाच नियम शिकवले गेले.

माझ्या लेकीने इस्तंबूलमधली सुलतानाची मोठी मशीद करायला घेतली. उन्हाळ्यात तिथे गेलो होतो तेव्हा ही मान वर करून घुमटाखाली उभी राहिली ती हलेचना. घरी सॅलडच्या वाडग्यावर माती थापून तिने घुमट केला. वाडगा काढला आणि घुमट फाकून खाली बसला. मी इंजिनिअर आहे, कारण सांगू शकले असते. पण ती फोटो घेऊन बसली आणि तिचं तिलाच दिसलं, की मोठ्या घुमटाला दोन बाजूंनी अर्धे घुमट रेटून धरतात आणि सगळा भार चार जाड खांबांवरून जमिनीत उतरतो. दुसरा घुमट टिकला. मग तिने भोवती शाळा, दवाखाना आणि गोरगरिबांसाठीचं स्वयंपाकघरही मांडलं. सुलतानाने तेही बांधलं होतं, ते गाळलेलं तिला चालणार नव्हतं.

हॉलवर मी चहा आणायला वळले. तेवढ्यात मंडळाच्या एका काकांनी शेजारच्या किल्ल्यावरचा भगवा झेंडा उपटला आणि घुमटाच्या मधोमध खुपसला.

"आता झाला किल्ला!"

दोघे-तिघे हसले. घुमट तडकला आणि आत कोसळला.

माझं डोकंच फिरलं. "काय केलंत हे?"

"अहो वहिनी, गंमत केली. आल्झो, म्हणजे, दिवाळीत मशीद कोण आणतं? किल्ला स्पर्धा आहे ना ही!"

"लहानपणी हा झेंडा आम्ही हात धुऊन किल्ल्यावर लावायचो," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "पोरीच्या मेहनतीत भोसकायला नसतो तो."

"बरं बरं, चुकलं," म्हणत काका लेकीच्या डोक्यावर थोपटायला वाकले. "पुढच्या वर्षी छान रायगड कर हं बाळा."

ती मागे सरकली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. तिने मला विचारलं, "रायगडावर काका असा झेंडा खुपसतील?"

"नाही. त्याला जपतील."

"मग माझी मशीद का फोडली?"

"मला नको, त्यांना विचार."

तिने वळून काकांना तोच प्रश्न तसाच जर्मनमध्ये विचारला. काका कितीतरी वर्षं इथल्या कंपनीत आहेत, मीटिंगा जर्मनमध्ये घेतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "काय म्हणतेय हो ही?"