दारं धाकटीकडे आली तेव्हा

माझी थोरली जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. एकदा ती सासऱ्यांना चहा द्यायला घरामागच्या गॅरेजात गेली. ते एका हाताने जीपचं दार पेलून दुसऱ्या हाताने बिजागरी कसत होते. म्हणाले, "जरा धर गं." ती धरायला थांबली, ती थांबलीच. त्याला आता सतरा वर्षं झाली.

दार बसवताना ती कानामागची पेन्सिल काढून फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवते. कुठे अडकली की बिजागरी सैल करायची, पुन्हा पेन्सिल. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "थोरलीने लावलेल्या दारातून वाऱ्यालासुद्धा विचारून यावं लागतं."

मी त्याच गाड्यांच्या गाद्या आणि ताडपत्र्या शिवते. माझ्या शिवणीवर माणसं बसतात, पण बघत कुणी नाही. संध्याकाळी देवापुढे हात जोडून मी सगळ्यांचं भलं मागते. जावेचंही मागते, पण शेवटी आणि घाईघाईत.

मागच्या वर्षी एक निवृत्त मोजणीदार आपली जुनी जीप घेऊन आले. दोन्ही दारं खालून गंजून चाळणी झाली होती. जावेने सडलेला पत्रा कापला, नवा जोडला, ठोकून सरळ केला. आता फक्त दारं बसवायची राहिली होती आणि तिचं मनगट मुरगळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याआधी बरं वाटलं.

"बाबा, दारं मी बसवते," मी सासऱ्यांना म्हटलं.

"तू?" आमचे हे हसले. "सुईने?"

सासरे मात्र म्हणाले, "बसव."

जीपचे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दुरुस्तीला काढलेले होते, त्यामुळे ती लोखंडी घोड्यांवर उभी होती. मी दोन दिवस घाम गाळला. पेन्सिल अशी फिरली, जशी लोण्यातून सुरी. जाऊ हाताला फडकं बांधून येऊन उभी राहिली.

"छान झालंय गं. पण बोल्ट अजून पक्के कसू नकोस. रंगही थांबव. गाडी आधी चाकांवर उतरू दे."

"का?"

"वजन आलं की अंग बसतं तिचं, फटी सरकतात."

मला वाटलं, हिच्या पोटात दुखतंय. आठवडाभर थांबवायचं, तोवर मनगट बरं होणार आणि शेवटचा हात हिचाच लागणार. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच सांगून गेली. मी बोल्ट कसले आणि रंगवाल्याला स्वतःच बोलावलं.

ह्यांनी पाटे बसवून जीप चाकांवर उतरवली, त्याच सकाळी मोजणीदार आले. सासरे खुर्ची टाकून बसले होते. मोजणीदारांनी कौतुकाने दार ओढलं. ते जेमतेम हललं आणि वरच्या कोपऱ्यात अडकलं. त्यांनी जोर लावला. खर्रकन आवाज झाला आणि नव्या हिरव्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा त्यांच्या बुटावर पडला.

जाऊ पुढे झाली.

"बाबा, चूक माझी. दुखण्याच्या नादात धाकटीला सांगायचंच राहिलं, की आधी चाकांवर उतरव म्हणून."

सासऱ्यांची मान हलली. तिच्याकडे बघून, मायेने.

माझ्या अंगाची आग झाली. दारं तिची, पेन्सिल तिची, सासऱ्यांची मायाही तिचीच. त्या गॅरेजात बारा वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट नुसती माझी होती, तीही हिने मोठेपणाने उचलून आपल्या पदरात घेतली.

"खोटं बोलू नका, जाऊबाई," मी जवळजवळ ओरडलेच. "बाबा, जाऊबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

सासरे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ ते माझ्याकडे कधी बघत नाहीत.

"मग उभी काय राहिलीस?" ते म्हणाले. "सैल कर बोल्ट. तूच बसव."

मी पाना घेतला. जावेने चांगल्या हाताने दार पेललं आणि मान माझ्याकडे झुकवली, मी कानामागची पेन्सिल घ्यावी म्हणून. मी ती घेतली नाही. माझ्या शिवणाच्या खडूच्या डब्यातून दुसरी शोधून आणली.